बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाला लोणा लागलाय: आधी काय पाहायचं, कशाला हात लावायचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमधल्या हियरफर्डशायरमध्ये एका खेड्यातल्या चर्चच्या देखभाल समितीवर तुम्ही नुकतेच आला आहात. दाराशेजारी बाराव्या शतकातलं, वालुकाश्मातून कोरलेलं बाप्तिस्म्याचं कुंड आहे. या हिवाळ्यात त्याच्या खालच्या अंगाला पांढरी पूड दिसू लागली आणि नक्षीचे पापुद्रे फरशीवर पडू लागले. आत शिशाचं अस्तर आहे, त्यावरही पांढरं काहीतरी धरलंय. समितीत कुणी म्हणतं गरम पाण्याने घासून काढू, कुणी म्हणतं सिलिकॉनचं वॉटरप्रूफिंग मारू. मे महिन्यात एका बाळाचा बाप्तिस्मा ठरलेला आहे.

आधी निकडीचं सांगतो: यातलं काहीच करू नका. घासलंत तर सैल झालेला थर त्याच दिवशी जाईल, आणि नक्षी असते ती नेमकी त्याच थरात. शिवाय दगडात शिरलेलं पाणी वाळताना आतलं आणखी मीठ घेऊन बाहेर येईल. दोन दिवस कुंड स्वच्छ दिसेल आणि तिसऱ्या आठवड्यात आधीपेक्षा दुप्पट झडू लागेल. सिलिकॉन त्याहून वाईट. ते बाहेरून येणारं पाणी अडवतं, पण या कुंडाला पाणी बाहेरून येतच नाही. खालून चढलेली ओल त्या कोटाच्या मागे अडकते, मीठ तिथेच स्फटिक धरतं आणि एक दिवस कोटासकट अर्धा सेंटिमीटर जाडीचा पापुद्रा सुटून हातात येतो. असा सुटलेला चेहरा परत बसवता येत नाही.

आपल्याकडच्या सवयीही इथे लावू नका. सह्याद्रीचा काळा पाषाण घट्ट असतो. रोजचं पाणी, तेल तो बरीच वर्षं सोसतो, आणि म्हणून दगड म्हटला की धुवावा, पुसावा, तेल लावावं, नाहीतर वज्रलेप करावा असं आपल्या हाताला वळण लागलेलं असतं. हियरफर्डशायरचा तांबूस-करडा वाळूचा दगड वेगळ्या जातीचा आहे. त्यात 10 ते 20 टक्के पोकळी असू शकते आणि कणांना धरून ठेवणाऱ्या बंधात चिकणमातीही असते. हिशेब करून पाहा. बाहेरून 80 सेंटिमीटर व्यासाचं, 50 सेंटिमीटर उंचीचं आणि आतून 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल कोरलेलं कुंड घ्या. बाळाला बुडवून बाप्तिस्मा देण्याच्या काळातलं हे साधारण माप आहे. त्यात दगड भरतो सुमारे 0.166 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 380 किलो. पोकळी 15 टक्के धरली तर त्या दगडाच्या पोटातच 25 लिटर पाणी मावतं. ही खालची बैठक सोडून नुसत्या वाडग्याची गोष्ट झाली.

आज करण्यासारखी कामं तीन. पहिलं, पडलेले पापुद्रे झाडून केरात टाकू नका. प्रत्येक तुकडा मऊ टिश्यूत गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा आणि वर तारीख व जागा लिहा: ‘उत्तर बाजू, सिंहाच्या पुढच्या पंजाखाली, फरशीपासून 40 सेंमी’ इतकं नेमकं. घरचा कुठलाही गोंद लावून चिकटवायला जाऊ नका. दुसरं, कुंडाभोवती पांढरा जाड कागद पसरून ठेवा. दर महिन्याला त्यावर पडलेली भुकटी स्वयंपाकघरातल्या नव्हे, ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणाऱ्या काट्यावर तोला. झीज वाढतेय की थांबलीय हे सांगणारं याहून स्वस्त साधन नाही. तिसरं, फोटो. चर्चमधले दिवे बंद करून एक टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर, पाच-दहा अंशांच्या कोनात धरा आणि कॅमेरा समोर स्टँडवर ठेवा. समोरून फ्लॅश मारला तर नक्षी सपाट दिसते. तिरक्या उजेडात छिन्नीचा एकेक घाव, सुटत चाललेल्या पापुद्र्याची कड, जुन्या दुरुस्तीची रेघ असं सगळं उभं राहतं. प्रत्येक बाजूचे चार फोटो घ्या, उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा.

आता त्या पांढऱ्याबद्दल. तुमच्याकडे पांढऱ्या पुडी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नसण्याचीच शक्यता जास्त.

खालची पूड म्हणजे लोणा, आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना धरतो तोच. जमिनीतली ओल दगडातून वर चढते, सोबत विरघळलेले क्षार नेते, हवेशी गाठ पडली की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. पृष्ठभागावर फुललेला लोणा दिसायला वाईट, पण तुलनेने निरुपद्रवी. पृष्ठभागाच्या दोन-चार मिलिमीटर आत जो स्फटिक धरतो तो कणांना आतून ढकलतो आणि पापुद्रा उचलतो.

आतली, शिशावरची पूड बहुधा मीठ नसून शिशाचं कार्बोनेट असते. ते विषारी आहे. कारण बघायचं तर कुंडावरचं झाकण बघा. ते ओकच्या लाकडाचं असेल तर ओकमधून ॲसेटिक आम्लाची वाफ वर्षानुवर्षं सुटत राहते, घट्ट बसलेल्या झाकणाखाली ती कोंडते, आणि दमट हवेत शिशाचा पांढरा गंज तयार होतो. त्यामुळे आतली पूड कोरड्या फडक्याने झटकू नका, घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका, मुलांना आत हात घालू देऊ नका. तुम्हाला झाकण काढावं लागलं तर हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. तज्ज्ञ येऊन पाहीपर्यंत त्या अस्तरावर बाप्तिस्म्याचं पाणी ओतायचं नाही. पुढचा उपाय अगदी साधा आहे: झाकणाच्या खालच्या बाजूला निष्क्रिय पॉलिएस्टरचा पातळ पडदा, आणि कडेला दहा-पंधरा मिलिमीटरच्या ठोकळ्या ठेवून हवेला वाट. झाकण काढून टाकणं हा मात्र उपाय नाही. ते का, हे पुढे येईल.

खालच्या पुडीकडे वळू. इथे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ‘पूड कशी काढायची’ हा नाही, ‘पाणी कुठून येतंय’ हा आहे. कुंडाचा आजार क्वचितच कुंडात असतो. तो फरशीत, बाहेरच्या पन्हळीत, निचऱ्याच्या नळीत किंवा हीटरमध्ये असतो. वाटा चार-पाचच आहेत, त्या याच क्रमाने तपासा.

सगळ्यात आधी फरशी. विसाव्या शतकात गावोगावच्या चर्चांमध्ये जुन्या दगडी फरशीखाली किंवा तिच्या जागी काँक्रीट घातलं गेलं आणि कुंडाच्या बैठकीभोवती सिमेंटचा गोल गराडा भरला गेला. पूर्वी ओल सगळ्या फरशीच्या सांध्यांतून थोडी थोडी उडून जायची. काँक्रीटने ती वाट बंद केली की उरलेल्या वाटा दोनच: भिंती आणि कुंडाचा खांब. म्हणजे तुमचं कुंड आता आसपासच्या जमिनीची वात झालंय, दिव्याच्या वातीसारखी. त्यातून सिमेंट स्वतःही सल्फेट आणि अल्कली क्षार सोडतं. सोडियम सल्फेट हा त्यातला सगळ्यात खट्याळ: कोरडा असतो तेव्हा एका रूपात, ओल मिळाली की दहा रेणू पाणी पोटात घेऊन आकाराने सुमारे चौपट होतो. दर पावसाळी-कोरड्या फेऱ्यात त्याची ही उलटापालट चालते.

मग निचरा. जुन्या कुंडाच्या तळाला मधोमध भोक असतं आणि तिथून नळी खांबाच्या आतून खाली जमिनीत, दगडगोट्यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात उतरते. आशीर्वादित पाणी गटारात जाऊ नये, मातीतच जिरावं, हा त्यामागचा भाव. सातआठशे वर्षांत हा खड्डा गाळाने भरतो किंवा फरशी घालताना कुणीतरी तो बुजवलेला असतो. मग प्रत्येक बाप्तिस्म्याचं पाणी बैठकीच्या पोटातच राहतं. इथे एक चूक सर्रास होते: ‘निचरा चालू आहे का बघू’ म्हणून कुणी बादलीभर पाणी ओततं. बंद असेल तर ते सगळं दगडाने प्यायलं. नळीत बारीक कॅमेरा सोडून बघतात, पाणी सोडून नाही.

अस्तराचा सांधा फाटला असेल तर त्याची खूण वेगळी असते. ओल बैठकीशी न दिसता वाडग्याच्या खालच्या वळणावर, बाहेरून गोल कड्यासारखी, वापरानंतर दोन-तीन दिवसांनी उमटते. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्यांच्या तारखा असतात. ओलीचे फोटो त्या तारखांशी ताडून पाहा.

कुंड बहुतेक वेळा दाराजवळ असतं, म्हणून बाहेरही जा. त्या भिंतीबाहेरची पन्हळ तुंबली आहे का, पावसाचं पाणी पायाशी साचतं का, दफनभूमीची माती वर्षानुवर्षं चढत जाऊन आतल्या फरशीपेक्षा वर आली आहे का. जोराच्या पावसात छत्री घेऊन दहा मिनिटं तिथे उभं राहिलात तर अर्धा निकाल लागतो. आणि हिवाळ्यात दारातल्या वाटेवर बर्फ धरू नये म्हणून जाडं मीठ टाकत असाल तर ते बुटांबरोबर थेट कुंडाच्या पायरीपर्यंत येतं. त्याऐवजी नुसती जाडी वाळू टाका.

क्षार कोणता हे कळलं की वाट बरीच स्पष्ट होते. फरशीवर पडलेली एक ग्रॅम पूड, दगडावरून खरवडलेली नव्हे, 100 मिलिलिटर शुद्ध पाण्यात ढवळा आणि औषधी रसायनांच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणीच्या पट्ट्या बुडवा. नायट्रेट जास्त आलं तर दफनभूमीची माती, फरशीखालची थडगी किंवा वटवाघळं. क्लोराइड आलं तर रस्त्याचं मीठ. सल्फेट आलं तर सिमेंट किंवा जिप्समची जुनी डागडुजी. हातात धरायचं ओलावामापक यंत्र मात्र इथे फसवतं. ते विजेच्या वहनावरून ओल ठरवतं, आणि क्षारामुळे वहन वाढतं. कोरडा पण खारट दगड ते ‘ओला’ दाखवतं.

आता हीटर, ज्याच्याकडे समित्यांचं लक्षच जात नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की विरघळतं आणि खाली आली की परत स्फटिक होतं. हिवाळ्यात बंद चर्चमध्ये हवा 8 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असणं अगदी नेहमीचं. रविवारी सकाळी गरम हवेचा झोत लावून तीच हवा 18 अंशांवर नेली तर आर्द्रता 44 टक्क्यांवर कोसळते. म्हणजे आठवडाभर विरघळून बसलेलं मीठ दोन तासांत दगडाच्या आत कडक होतं आणि रात्री पुन्हा विरघळतं. ऑक्टोबर ते एप्रिल असे सुमारे तीस रविवार येतात. तीस वेळा आतून ढकललं जाणारं ते नाक किंवा पंजा किती टिकणार? तापमान-आर्द्रता नोंदवणारी दोन छोटी यंत्रं घ्या. एक कुंडापासून हातभर अंतरावर, एक सभागृहाच्या मध्यावर, आणि दर अर्ध्या तासाला नोंद होईल अशी लावा. वर्षभर चालू द्या. झोत कुंडाकडे असेल तर आजच वळवा. शक्य असेल तर सगळी हवा तापवण्याऐवजी बाकांखालच्या हीटरवर जा, नाहीतर निदान तापवणं हळू करा.

यानंतर कुंडाचा इतिहास वाचायला हवा. हौस म्हणून नाही, आत काय दडलंय ते कळावं म्हणून. काठ नीट न्याहाळा. समोरासमोर दोन ठिकाणी वेगळ्या दगडाचे तुकडे बसवलेले किंवा खळगे भरलेले दिसतात का? ती कुलपाची जागा. पूर्वी पाणी ईस्टरच्या आणि त्यानंतर येणाऱ्या पेंटेकॉस्ट या सणाच्या वेळी मंत्रून कुंडातच ठेवायचे. ते चोरून जादूटोण्याला वापरू नये म्हणून 1236 साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडाला झाकण आणि कुलूप हवं असा नियम घातला. काठात भोकं पाडून लोखंडी कोयंडे शिसं ओतून बसवले गेले. पुढे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर ते उपटताना काठ फुटले. कोयंड्याचं लोखंड आत राहिलं असेल तर ते गंजताना मूळ आकाराच्या कित्येक पट फुगतं आणि काठाला आरपार तडा देतं. नारिंगी डाग आणि भोकापासून बाहेर जाणारी बारीक चीर ही त्याची खूण. नुसतं शिसं उरलं असेल तर त्याला छेडू नका, ते निरुपद्रवी आहे आणि पुरावाही आहे.

1640 च्या दशकात प्युरिटन, म्हणजे कट्टर सुधारणावादी प्रोटेस्टंट, सत्तेखाली अनेक कुंडं चर्चबाहेर फेकली गेली. काही गुरांना पाणी पाजायला, काही बागेत फुलझाडांना गेली आणि एकोणिसाव्या शतकात परत आणून बसवली गेली. अशा कुंडाच्या दगडात मातीतले क्षार आधीपासूनच मुरलेले असतात. बाहेर राहिल्याच्या खुणा म्हणजे एकाच बाजूची जास्त झीज, तळाशी वाकडंतिकडं दुसरं भोक. व्हिक्टोरियन दुरुस्तीकारांनी काही कुंडं वरून पुन्हा तासली. नॉर्मन काळातल्या, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातल्या, पाथरवटाचे कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे घाव तिरके, थोडे असमान असतात. यंत्रासारख्या सारख्या अंतरावरच्या रेघा दिसल्या तर तो एकोणिसाव्या शतकाचा हात. या तासकामाविरुद्धच विल्यम मॉरिस यांनी 1877 साली जुन्या इमारतींच्या संरक्षणाची संस्था काढली, आणि आज इंग्लंडमध्ये आपण जो ‘शक्य तितकं कमी करा’ नियम पाळतो तो तिथूनच आलाय.

खाचांमध्ये पांढऱ्या चुन्याचे थर, तांबड्या गेरूचे ठिपके दिसले तर ते धूळ समजून काढू नका. ही कुंडं मुळात रंगवलेली असत. बोटाच्या नखाएवढा तांबडा ठिपका पुरा असतो, त्यावरून रंगाचे थर अभ्यासता येतात.

तुमचं कुंड कुठल्या घराण्यातलं आहे हे बघायला दूर जावं लागणार नाही. तुमच्याच परगण्यात अर्डिस्लीचं कुंड आहे, साधारण 1150 चं, एका चषकासारखं. त्यावर दोन योद्धे वेलींच्या गुंत्यात अडकून झुंजताहेत, एकाचा भाला, दुसऱ्याची तलवार. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांच्या चुण्या दोरीच्या वळ्यांसारख्या समांतर कोरल्या आहेत. पलीकडे ख्रिस्त एका माणसाला हाताला धरून त्याच गुंत्यातून ओढून बाहेर काढतोय. पायाशी नुसती विणलेल्या दोरांची नक्षी. वीरगळ पाहत वाढलेल्या डोळ्यांना ती लढाई लगेच ओळखीची वाटते, पण खरा जीव त्या ओढणाऱ्या मनगटात आहे. कासल फ्रोमच्या कुंडावर येशूचा बाप्तिस्मा आहे: पाण्याच्या वर्तुळाकार रेषा, त्यात मासे, वरून देवाचा हात आणि कबुतर, आणि सगळा भार पाठीवर घेतलेल्या वाकलेल्या मानवी आकृत्या खाली. किलपेकच्या चर्चच्या 1140 च्या सुमाराच्या दारावर याच कारागीर-परंपरेचं काम आहे. दोरीसारख्या चुण्या तुमच्या कुंडावरही असतील तर ते याच परंपरेचं. कारागिराचं नाव मात्र कुठेच नाही. कंब्रियातल्या ब्राइडकर्कच्या कुंडावर रिकार्थ नावाच्या माणसाने रून लिपीत ‘हे मी घडवलं’ अशा अर्थाचं लिहून ठेवलंय, शेजारी हातोडा-छिन्नी घेतलेली आकृती आहे. तसं भाग्य विरळा.

फोटोंचा एवढा आग्रह का, याचं उत्तर तुमच्याच परगण्यातल्या शॉब्डनला आहे. याच कारागीर-परंपरेचं तिथलं चर्च 1750 च्या दशकात पाडलं आणि त्याच्या कोरीव कमानी शोभा म्हणून टेकडीवर उघड्यावर उभ्या केल्या. पावसाने आणि हिमाने त्यांच्यावरचे चेहरे जवळजवळ पुसून टाकले. तिथे काय होतं ते आज 1852 साली छापलेल्या चित्रांमुळेच नीट कळतं.

दगडावरचं खरं काम अधिकृत नोंदणी असलेल्या शिल्प-संवर्धकाचं आहे. पण तो काय करणार आणि काय नाही हे तुम्हाला माहीत हवं, म्हणजे अंदाजपत्रक वाचता येईल.

क्रम असा असायला हवा: आधी ओलीचं मूळ बंद, मग सिमेंटचा गराडा काढणं, मग सहा महिने ते वर्षभर वाळू देणं, त्यानंतरच क्षार काढणं आणि शेवटी गरज उरली तरच दगडाला बळकटी. हा क्रम उलटा लावलेलं अंदाजपत्रक परत पाठवा. ओल चालू असताना क्षार काढणं म्हणजे गळक्या हौदातून पाणी उपसणं.

गराडा काढताना फक्त हातछिन्नी, यंत्र नाही. सिमेंट दगडाला घट्ट धरून बसलं असेल आणि ओढताना कड येणार असेल तर तेवढा भाग तसाच सोडायचा. मोकळ्या झालेल्या फटीत वीस-पंचवीस मिलिमीटर रुंदीने चुन्याचा गिलावा: एक भाग भिजवून मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली खरखरीत वाळू. फार दमट जागी कमी ताकदीचा जलकठीण चुना. तत्त्व एकच: फटीत भरलेलं दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र हवं, म्हणजे ओल तिथून उडते आणि लोणा दगडाऐवजी चुन्यात फुलतो. चुना दर वीस वर्षांनी बदलता येतो.

क्षार काढायला पोटीस लावतात. सेल्युलोजचे तंतू, केओलिन माती आणि बारीक धुतलेली वाळू क्षारमुक्त पाण्यात मळायची, दाबली तर चिकटेल पण टिपकणार नाही इतकी. आधी सैल पापुद्रे जपानी कागदाने धरून ठेवायचे, मग त्यावर एक ते दोन सेंटिमीटर जाडीचा थर. दोन ते चार आठवडे तो आपोआप वाळू द्यायचा. वाळताना पाणी दगडातून पोटिसात येतं आणि क्षार सोबत आणतं. सुटलेलं पोटीस ठराविक पाण्यात ढवळून विद्युतवहन मोजतात. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी आकडा उतरत गेला पाहिजे. उतरत नसेल तर मूळ बंद झालेलं नाही. ज्या भागात नक्षी बोटाने भुगा होतेय तिथे पोटिसाचं वजनही सोसणार नाही, तिथे आधी बळकटी लागते. आणि इथे दगडाची जात निर्णायक आहे. चुनखडीच्या कुंडाला अल्कोहोलमधला अतिसूक्ष्म चुना चालतो. तुमच्या वाळूच्या दगडाला तो फारसा धरत नाही, त्याला सिलिकेटवर आधारित द्रव लागतो, तोही आतला क्षार कमी झाल्यावर आणि दिसणार नाही अशा जागी चाचणी घेऊनच. कुठला दगड हे तपासायला पडलेला कण पुरतो. कुंडावर आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का हे पाहू देऊ नका.

अस्तराचा पत्रा जुना असेल तर त्यावर जुन्या कारागिरांच्या खुणा, आद्याक्षरं असू शकतात. सांधा फाटला तर तेवढाच जोडायचा, पूर्ण पत्रा भंगारात देऊन नवा घालायचा नाही.

परवानगीचं बोलू. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये अशा कुंडावरचं काम धर्मप्रांताच्या न्यायव्यवस्थेकडून मिळणाऱ्या परवानगीशिवाय, म्हणजे ‘फॅकल्टी’शिवाय करता येत नाही. गराडा काढणं, अस्तर जोडणं, जागेवरून हलवणं, सगळं त्यात येतं. धर्मप्रांताच्या सल्लागार समितीला आधी फोन करा, पत्र नंतर. बहुतेक वेळा त्या समितीचा जाणकार येऊन पाहतो आणि अर्ज कसा मांडायचा ते सांगतो. चर्चची दर पाच वर्षांनी तपासणी करणारा वास्तुविशारदही सोबत असू द्या. मागच्या दोन-तीन अहवालांत कुंडाबद्दल एखादी ओळ सापडली तर झीज कधी सुरू झाली ते कळतं. झाकणाबद्दल मघाशी अर्धवट ठेवलं होतं: चर्चच्या नियमांतच कुंडाला ते स्वच्छ राहावं म्हणून झाकण हवं, आणि कुंड बाप्तिस्म्याच्या पाण्याशिवाय दुसऱ्या कशालाही वापरू नये असं लिहिलेलं आहे. म्हणून ईस्टरला त्यात फुलांचा ओला स्पंज ठेवणं, काठाला चिकटपट्टीने माळा लावणं, मेणबत्त्या बसवणं, हे थांबवायला तुमच्या हातात नियमच आहे. छतात वटवाघळं असतील तर त्यांना हुसकावता येत नाही, इंग्लंडमध्ये ती कायद्याने संरक्षित आहेत. त्यांच्या मूत्रात युरिया भरपूर असतो आणि तो दगडावर डाग पाडतो. प्लास्टिक न टाकता हवा खेळेल असं सुती कापड कुंडावर टाका आणि ते वरचेवर धुवा.

मे महिन्यातल्या बाप्तिस्म्यासाठी: शिशाची पूड तोवर तज्ज्ञाने काढली असेल तर कुंडाच्या आत मऊ फोमच्या कड्यावर एक वेगळं चांदीचं किंवा काचेचं पात्र ठेवा, शिशाला टेकू न देता. एक-दीड लिटर कोमट पाणी पुष्कळ झालं. पूड काढली नसेल तर तुमच्या व्हिकरना (चर्चच्या धर्मगुरूंना) आर्चडीकनशी, म्हणजे धर्मप्रांतातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याशी, बोलून पात्र कुंडाशेजारी मेजावर ठेवून विधी करायला सांगा. बाळाच्या डोळ्यातोंडाशी जाणारं पाणी आहे, यात तडजोड नको. काठावर कुणी टेकू नये म्हणून कुंडापासून हातभर अंतरावर दोरी लावा. झाकण काढताना दोघांनी उचला, फरशीवर लाकडी पट्ट्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. पाणी शेवटी दफनभूमीच्या मातीत ओता, तुंबलेल्या नळीत नाही.

रोजची निगा अगदी थोडी. जिथे दगड घट्ट आहे तिथे वर्षातून दोनदा मऊ केसांच्या ब्रशने धूळ उडवून जाळी लावलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडाकडे न्यायची, तोंड दगडाला लावायचं नाही. जिथे कण हाताला लागतात तिथे ब्रशही नको.

गराडा निघून चुना भरल्यावर पहिल्या हिवाळ्यात लोणा आधीपेक्षा जास्त दिसेल, आणि समितीत कुणीतरी म्हणेल की काम फसलं. कुठे दिसतोय ते बघा. फटीतल्या चुन्यावर फुलत असेल तर दगड रिकामा होतोय. तो कोरड्या ब्रशने कागदावर काढा, तोला, तारीख घालून आधीच्या आकड्यांखाली लिहा. दगडावरच, फरशीपासून तितक्याच उंचीवर, पूर्वीसारखा फुलत असेल तर निचऱ्याची नळी पुन्हा कॅमेऱ्याने तपासून घ्या.